प्रसन्नदादाचं कार्ड

११ जानेवारी

प्रसन्नदादा गेला. नात्याने कुणी नाही, पण माझ्याच गावचा. नोकरी सुटल्यावर इथे राहायला मिळते ती मुदत संपत आली, नवीन काही हाताला लागलं नाही, तिकीट काढलं आणि नागपूरला गेला. विमानतळावर मिठी मारताना रडला. मी नाही रडलो. मला राग येत होता. कुणाचा, ते माहीत नाही.

जाताना इथल्या रीतीप्रमाणे सगळं मागच्याला देऊन गेला. तो आला तेव्हा त्यालाही कुणीतरी असंच दिलं होतं. गादी, कुकर, बर्फातले बूट, अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावात सुलेखाकाकूंच्या बेसमेंटमधली ही खोली. आणि त्याचं डेबिट कार्ड.

कार्डाचं कारण असं की खातं आत्ताच बंद केलं तर जुन्या कंपनीचा शेवटचा हिशोब आणि टॅक्सचा रिफंड येणार कुठे? विमानतळाच्या वाटेवर गाडीतच त्याने मला पिन सांगितला.

"आले की मशीनमधून काढ आणि मला पाठव. तुझ्याशिवाय इथं कुणावर भरोसा आहे बे माझा?"

गाडी रुचा चालवत होती. आरशातून बघत म्हणाली, "अरे, पिन असा मोठ्याने सांगतात का? आणि आपलं कार्ड दुसऱ्याला कोण देतं?"

"तुमच्या पुण्यात नसतील देत," दादा म्हणाला. "आमच्याकडे बाबांचं कार्ड अख्खं घर वापरते."

खरं आहे. आमच्या घरी आईचं कार्ड मी, बाबांचं आई, माझं ताई. कार्ड म्हणजे घराची किल्ली. ज्याला बाहेर जायचंय तो उचलतो.

ही वही मुद्दाम सुरू करतोय. बोलायला दादा होता, तो गेला. कॉलेज मी नोव्हेंबरमध्ये सोडलं, प्रोफेसरच्या टेबलावर प्रोजेक्ट आपटून. तो म्हणाला काम माझं नाही, कॉपी आहे. माझंच होतं. माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. कॉलेजने माझं नाव काढून टाकलं, त्याबरोबर व्हिसाही गेला. आई-बाबांना अजून वाटतं मी शिकतोय. काकूंच्या डब्यांच्या ऑर्डरी भरतो, भांडी घासतो, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतो, त्या बदल्यात ही खोली आणि जेवण.

रुचाला सगळं माहीत आहे. कॉलेजात ती माझ्या एक वर्ष पुढे होती. आता नोकरीत आहे.

१९ जानेवारी

कंपनीचा हिशोब आल्याचा दादाचा मेसेज आला, म्हणून बँकेच्या मशीनवर गेलो. हे मशीन गाडीत बसून वापरायचं. माझ्याकडे गाडी कुठली? गाड्यांच्या रांगेत पायी उभा राहिलो. पुढे लाल पिकअप, मागे एक म्हातारी. थंडी अशी की नाकातले केस कडक होतात. म्हातारीने काच खाली केली. "हनी, आर यू ओके?"

"माय कार इज इनव्हिजिबल," म्हटलं. ती एवढी हसली की हॉर्नवर हात पडला.

मशीनवर बोटाच्या पेराएवढी काळी काच आहे. तिच्यावर बर्फ साचला होता. ग्लोव्हने नीट पुसली, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसली. चेहरा दिसतो तिच्यात. दाढी वाढलीय, पण बरा दिसतो मी. रुचा उगाच म्हणते भिकाऱ्यासारखा दिसतोस म्हणून.

काढलेले सगळे पैसे दादाला पाठवले. एक डॉलर इकडे-तिकडे नाही. "जियो निम्या!" असा मेसेज आला. बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांत कुणी मला एखादं काम सांगितलं आणि ते मी पूर्ण केलं, असं झालं नव्हतं.

२ फेब्रुवारी

रुचाची गाडी तिच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बर्फात रुतली. मी ढकलायला गेलो. चाक जागेवरच फिरत राहिलं तेव्हा चाकाला लाथ घातली.

"गाडीशी पण भांडतोस तू," ती म्हणाली. नंतर वर नेऊन साबुदाण्याची खिचडी दिली. दाणे थोडे कच्चे होते. मी दोनदा मागून घेतली.

दिवाळीत मी तिला मनातलं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, "निमिष, आधी स्वतःच्या पायावर उभा राहा. मग बघू."

"मग बघू" म्हणजे नाही, असं होत नाही. नाही म्हणायचं असतं तर ती नाही म्हणाली असती. पुण्याची आहे, नाही म्हणायला तिला कधी जड जात नाही.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याच्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. आवाज खूप थकलेला. नोकरी अजून नाही. मग स्वतःच हसून म्हणाला, "टेलिग्रामवर एक ग्रुप सापडला. अमेरिकेतली बिनकामाची खाती भाड्याने घेतात."

"खातं भाड्याने? म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांचे पैसे येणार, जाणार. मला काय करायचंय बे? मी थोडाच परत येतोय तिकडं?"

"आणि कार्ड?"

"फेकून दे पाहिजे तर."

नाही फेकलं. टॅक्सचा रिफंड यायचाय ना त्याचा. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडेल.

१६ फेब्रुवारी

दादाने नंबर बदलला. फोटो तोच, फुटाळा तलावावरचा. मेसेज हिंदीत: "भाई, प्रसन्न. ये नया नंबर है. कार्ड तेरे पास है ना?" नागपुरात परत गेलं की माणूस दोन आठवड्यांत हिंदीत घुसतो, माझंही तसंच होतं. फोन केला तर उचलला नाही. लिहिलं, हॉस्पिटलमध्ये आहे, बोलू शकत नाही.

एका क्लायंटचे पैसे येणार आहेत. मशीनमधून काढायचे, काढलेल्यातला दहावा भाग मी ठेवायचा, बाकीचे त्याचा माणूस येऊन नेईल. बाबांचं कसं आहे विचारलं तर "सब ठीक" एवढंच.

काढले. देशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एक राखाडी गाडी आली. माणसाने काच चार बोटं खाली केली. मी म्हटलं, नमस्कार, मी निमिष. तो म्हणाला, "नो नेम्स." पाकीट आत घेतलं आणि काच वर.

काय मॅनर्स आहेत लोकांना! पण माझा वाटा खिशात होता. कॉलेज सोडल्यापासून स्वतःचा म्हणावा असा पहिला पैसा.

२७ फेब्रुवारी

आज सगळी वाट लागली.

रुचाला जेवायला नेलं. चांगल्या जागी, पांढरे टेबलक्लॉथ वगैरे. नवीन जॅकेट घातलं होतं. बिल आल्यावर तिने पर्स उघडली, मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, आज मी. आणि नोटा ठेवल्या.

तिने नोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढी कॅश कुठून आली?"

सांगितलं. लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं मला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"कुणाचे पैसे आहेत ते?"

"दादाच्या क्लायंटचे."

"दादाला नोकरी नाही, निमिष. क्लायंट कुठून आला?"

"फ्रीलान्स करत असेल."

"आणि फ्रीलान्सचे पैसे पार्किंग लॉटमध्ये काचेच्या फटीतून देतात? तू मूर्ख आहेस की नाटक करतोयस? आजच्या आज बँकेत जा, कार्ड परत कर, जे झालं ते सांग. मी येते बरोबर."

मी येते बरोबर! नर्सरीच्या पोरासारखं. आजूबाजूचे बघायला लागले. मी म्हटलं, "मला पैसा मिळाला की तो चोरीचाच असणार, असंच ना? तुमच्या पगाराचा तेवढा स्वच्छ." खुर्ची मागे ढकलली ती पडली. चालत घरी आलो. कान अजून दुखतायत.

आता शांत झाल्यावर विचार करतोय, तिचं एखादवेळेस बरोबर असेल. दादाचा आवाज ऐकून तीन आठवडे होत आले. पण बँकेत जाऊन काय सांगू? ते माझा व्हिसा विचारणार. मग? थेट विमानात. म्हणजे रुचा संपली. तिला हे कळत नाही का? की कळतं?

९ मार्च

मशीनने कार्ड परत दिलं आणि लिहिलं, बँकेशी संपर्क करा. माझं डोकं फिरलं. मागे रांग, सगळे बघतायत. कार्डामागच्या नंबरवर तिथेच उभं राहून फोन केला. दादाचा वाढदिवस मला पाठ, पत्ता तर माझाच. मी प्रसन्न बोलतोय म्हटलं.

बाई फार गोड बोलत होती. विचारलं, ज्या बाईंनी तुम्हाला पैसे पाठवले त्यांना तुम्ही कसं ओळखता?

"कोणत्या बाई?"

म्हणाली, डलूथच्या एक वयस्कर बाई आहेत. त्यांना फोन आला होता की त्यांचा नातू तुरुंगात अडकलाय, म्हणून त्यांनी हे पैसे पाठवले. आता नातू म्हणतोय, मी तर घरीच होतो.

मशीनपासून बाजूला झालो. पण माझं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. म्हटलं, "मी त्या नातवाचा मित्र आहे. आजींना आठवत नसेल, वय झालंय त्यांचं." आणि वर आवाज चढवून, "तुम्ही आपल्या ग्राहकावर असा संशय घेता?"

ती म्हणाली, "थँक यू, सर. धिस कॉल इज बीइंग रेकॉर्डेड."

"करा रेकॉर्ड," म्हटलं. "मीही तक्रार करणार आहे."

घाबरायचं नाही. एकदा घाबरलास की समोरचा चढतो. दोन दिवसांत कार्ड चालू होईल म्हणाली.

पण ती बाई कोण असेल? दादाला विचारलं. उत्तर आलं: "टेन्शन मत ले. क्लायंट है." नातू, तुरुंग, क्लायंट. मला हे जुळवता येत नाही. जुळवायचंही नाही.

१२ मार्च

कार्ड चालू झालं. एवढ्या सहज होईल वाटलं नव्हतं. बघ, दम दिला की सगळे सरळ येतात.

आता एका मशीनवर जायचं नाही म्हणून दादाने यादी पाठवलीय. पेट्रोल पंप, औषधाचं दुकान, हॉटेलची लॉबी. बसने फिरतो. डलूथची आजी डोक्यातून जात नाही. मशीन नोटा मोजतं तेव्हा आतून फडफड ऐकू येते, त्या वेळी मी मोठ्याने काहीतरी गुणगुणतो.

३० मार्च, गुढीपाडवा

काकूंनी डेकवर गुढी उभारली. खाली अजून बर्फ, वर जरीचा खण फडफडतोय. काकांनी तांब्या घट्ट बांधला होता तरी वाऱ्याने वाकडा झाला. "यंदा गुढीला पण मायग्रेन आहे," काकू म्हणाल्या.

रुचा आली होती. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. दारातच म्हणाली, "नंबर लागला!" तिच्या व्हिसाच्या लॉटरीत. आता कंपनीचे वकील तिचे कागद भरणार, सगळं नीट झालं तर पुढची सहा वर्षं निश्चिंत. काकूंनी श्रीखंडाची वाटी तिच्या तोंडाशी धरली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"आता मात्र जपून राहा गं," काका म्हणाले. "कागद पास होईपर्यंत साधं पार्किंगचं तिकीटसुद्धा नको. आजकाल काय काय तपासतात."

"काका, मी तर आता रस्ता पण हिरवा दिवा बघूनच क्रॉस करते."

मग काकूंनी विचारलं, ट्रेनिंगला सांता क्लाराला जाणारेस ना, मग देवदत्तला भेटशीलच. देवदत्त म्हणजे काकूंचा भाचा. इंजिनीअर. घर घेतलंय. रुचा म्हणाली, "हो, कॉफीला भेटू म्हणालाय." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी पुरी अर्धी टाकून खाली आलो. थोड्या वेळाने ती जिन्यावर आली. "ते कार्ड दिलंस ना परत?"

"हो," म्हटलं.

"थँक गॉड." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यासाठी मी आणखी दहा वेळा खोटं बोललो असतो.

५ एप्रिल

रुचा दोन आठवड्यांसाठी सांता क्लाराला गेली. ऑफिसचं ट्रेनिंग. ते की देवदत्त, देव जाणे.

जाताना गाडीची किल्ली दिली. बॅटरी बसू नये म्हणून दोन दिवसांनी चालू कर म्हणाली. मग पर्समधून आपलं डेबिट कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हे काय?"

"राहू दे. काकू सांगत होत्या, तू हल्ली जेवायला वर येत नाहीस. बाहेर काही खा, औषध लागलं तर घे. पिन तोच, माझ्या दाराच्या लॉकचा."

"दुसऱ्याला कार्ड कोण देतं?" मी म्हटलं. "पुण्यात देत नाहीत ना?"

"तू काय दुसरा आहेस का?" ती म्हणाली आणि सिक्युरिटीच्या रांगेत गेली.

हे वाक्य मी परतीच्या वाटेवर शंभरदा म्हणून पाहिलं. तू काय दुसरा आहेस का. पहिल्यांदा इतकं गोड वाटलं. मग हायवेवर आलो आणि कळलं की ती मला पोसतेय. तिकडे एकाने घर घेतलंय आणि इकडे मी, तिच्या कार्डावर सँडविच खाणारा.

तिचा एक पैसा खाणार नाही.

८ एप्रिल

काकूंनी वर बोलावलं. डबे भरता भरता म्हणाल्या, "दुपारी एक माणूस आला होता. गोरा, उंच. प्रसन्नला विचारत होता. म्हटलं तो जानेवारीतच गेला इंडियाला. मग म्हणाला त्याच्या खोलीत आता कोण राहतं?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं तुझं नाव. काय झालं?"

"काकू, कुणी विचारलं की सांगायचं का? असं कसं कुणाला पण घरातल्यांची नावं देता तुम्ही?"

त्यांचा डाव हवेतच थांबला. "निमिष, आवाज खाली. माझ्या घरात उभा आहेस तू." मग जरा वेळाने, हळू, "काही भानगड आहे का रे? काकांशी बोल. आपल्यातले आहेत, कुणाला सांगणार नाहीत."

काही नाही म्हणून खाली आलो. तो विम्याबिम्याचा असेल. इथे दारावर कुणीही येतं.

१० एप्रिल

आज मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्हींचा मला अभिमान वाटतोय.

एक. राखाडी गाडीवाला. आज मोठी रक्कम होती, दोन दिवस पाच मशीनं फिरून काढलेली. पाकीट द्यायला गेलो तर म्हणाला उशीर झाला, आणि आईवरून शिवी दिली. माझी आई! मी पाकीट परत खिशात घातलं. "सॉरी म्हण." तो हसला. मी त्याच्या दाराला लाथ घातली, खोलगट डाग पडला, आणि रुचाच्या गाडीत बसून निघून आलो. तो थोडा वेळ मागे होता. मग दिसला नाही.

दोन. घरी एवढी रोकड ठेवणं बरोबर नाही. पाकिटावर हात ठेवून बसलो होतो आणि एकदम सुचलं. रुचाच्या बँकेच्या मशीनवर गेलो, तिचं कार्ड घातलं, तिचा पिन दाबला. मशीन विचारतं, काढायचे की भरायचे? इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा "भरायचे" दाबलं.

झडप उघडली. नोटा थोड्या थोड्या आत दिल्या. माझा साठवलेला वाटा दिला आणि हे पाकीटही सगळं दिलं. मशीनने सगळं पोटात घेतलं, फडफड फडफड, आणि स्क्रीनवर आभार आले. आज गुणगुणावं लागलं नाही.

तिने मला खायला कार्ड दिलं. मी ते भरून परत देणार. तिला कळेल तेव्हा तिचा चेहरा बघायचाय मला. देवदत्तने कॉफीचे पैसे दिले असतील फार तर.

१३ एप्रिल

दादाचा फोन आला. खरा फोन, त्याच्या जुन्या नंबरवरून, त्याचाच आवाज.

"निम्या, काय बे, कसा आहेस? बाबांचं ऑपरेशन झालं मार्चमध्ये. ठीक आहेत आता."

मी म्हटलं, "सांगितलं होतंस ना मेसेजमध्ये. सब ठीक."

"कोणता मेसेज?"

नंतरचं नीट लिहितो, कारण मला ते पुन्हा वाचायला लागणार आहे. दादाने मला फेब्रुवारीपासून एकही मेसेज केलेला नाही. खातं त्याने त्या ग्रुपवाल्यांना देऊन टाकलं, पासवर्डसकट. त्यांनी विचारलं कार्ड कुठे आहे, तर याने माझा नंबर दिला. मग फोटो उचलून ते दादा झाले.

"म्हणजे तू काढत होतास?" तो ओरडला. "मशीनवर? स्वतः जाऊन? मी तुला फेकून दे म्हटलं होतं बे!"

"पाहिजे तर म्हटलं होतंस."

"प्रत्येक मशीनवर कॅमेरा असते, निम्या!" मग आवाज खाली आणला. "हे बघ, कार्ड तोड. शहर सोड. पैसे कुठे आहेत?"

"सेफ आहेत."

"कुठे?"

नाही सांगितलं. त्याने माझा नंबर विकला, त्याला मी रुचाचं नाव सांगू? फोन ठेवला आणि भिंतीवर मूठ मारली. आता बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येतंय.

कार्ड कात्रीने कापलं. डलूथच्या त्या आजीने कुणाच्या तरी रडण्याचा आवाज ऐकून पैसे पाठवले असतील. तिला वाटलं असेल, आपलाच आहे.

एक मात्र बरं झालं. पैसे माझ्याकडे नाहीत, दादाच्या खात्यात नाहीत. रुचाच्या खात्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. तिचं सगळं स्वच्छ आहे. तिथे ते सगळ्यात सुरक्षित आहेत. ती आली की आम्ही दोघं ठरवू, त्या आजीला परत करायचे की काय करायचं. रुचाला अशा गोष्टी कळतात.

१६ एप्रिल

रुचाचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आत: "निमिष, माझं खातं बंद झालंय. पगार आत अडकलाय. बँक काही सांगत नाही, आणि आज कंपनीच्या वकिलांनी बोलावून विचारलं की तुमच्या खात्यात एवढी कॅश कुठून आली. मी म्हटलं काहीतरी चूक आहे. चूक आहे ना? तू कार्ड हरवलंस का? कुणी चोरलं का? हरवलं म्हण."

किती घाबरली होती! तिला आधी सांगायला हवं होतं, सरप्राइझच्या नादात राहिलं. म्हटलं, "अगं, हरवलं नाही. मीच भरलेत. तुझ्यासाठी."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"माझे कागद परवा जाणार होते," ती म्हणाली. एवढंच. आणि फोन कट झाला.

खूप वेळ काही नाही. मी करत राहिलो, ती उचलत नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आत तिचाच आला. आता शांत होती. पण इंग्रजीत बोलत होती. माझ्याशी ती कधीच इंग्रजीत बोलत नाही. म्हटलं, कुणी आहे का जवळ? म्हणाली, "आय ॲम ॲट वर्क." बरोबर आहे, ऑफिसात मराठीत कसं बोलणार.

मग तिने सगळं पुन्हा सांगायला लावलं. कुणाचं कार्ड होतं, कोणत्या मशीनमधून काढले, तिच्या खात्यात कोणी आणि कधी भरले, तिला आधी माहीत होतं का.

"नाही, तुला काहीच माहीत नव्हतं," मी म्हटलं. "सगळं मी केलंय. एकट्याने."

"कॅन यू से दॅट वन्स मोअर?"

सांगितलं पुन्हा. हवं तर दहादा सांगेन. मला वाटलं तिला ऐकायला बरं वाटतंय, कुणीतरी तिच्यासाठी एवढं केलंय.

उद्या सकाळी घरी असशील ना, विचारलं. कुठे जाऊ नकोस. ट्रेनिंग अजून संपलं नाही तिचं, तरी येतेय. माझ्यासाठी येतेय. ठेवता ठेवता एकदम मराठीत म्हणाली, "जेवलास का?" हो म्हटलं.

दादा म्हणतो शहर सोड. आता कशाला सोडू?

१७ एप्रिल

खोली आवरली. गादीवर धुतलेली चादर. दाढी केली, सुजलेल्या हाताने जरा कापलं. तिचं कार्ड आणि गाडीची किल्ली टेबलावर समोरच ठेवलीय, आल्या आल्या दिसेल अशी.

काय बोलायचं ते ठरवलंय. आधी आजीचे पैसे परत. मग माझ्या व्हिसाचं काहीतरी. तिच्या वकिलांना विचारता येईल, ती म्हणाली तर ते मलाही मदत करतील. आणि मग, बाकीचं. "मग बघू" म्हणाली होती, ते मग आलंच की.

बेसमेंटची खिडकी जमिनीलगत आहे, रस्त्याने येणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. बर्फ वितळून चिखल झालाय. आत्ता एक गाडी थांबली. पाठोपाठ दुसरी. दारं उघडली.

दोन जोड काळे बूट. आणखी एक जोड. चौथे बाईचे आहेत, पण तसे बूट रुचा घालत नाही. तिच्या ऑफिसचे लोक असतील, वकील वगैरे. ती अजून गाडीत असेल, फोनवर बोलत असेल.

एक जोड बूट घराला वळसा घालून मागच्या दाराकडे गेला. पत्ता सापडत नाहीये बहुतेक त्यांना.

बेल वाजली. काकू उघडतायत. वर बरेच जण बोलतायत, काकू माझं नाव घेतायत. जिन्यावर पावलं आली. रुचाची त्यात ओळखू येत नाहीत, पण ती सगळ्यांच्या मागे असेल.

आज चिडायचं नाही. ती काय म्हणेल ते आधी पूर्ण ऐकून घ्यायचं.